गोठ्यातली गाठ

आप्पासाहेबांना संशय घ्यायला कारण लागत नसे. कारण दिसलं नाही की त्यांना उलट जास्तच संशय येई. टरबूज ते चहूबाजूंनी वाजवून घेत आणि घरी आणल्यावर पुन्हा म्हणत, आत काय निघतंय कुणास ठाऊक. दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरून बघितल्याशिवाय दूधवाल्याला हलू देत नसत. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या दाराला दोन कड्या होत्या आणि वर एक आडणा. वच्छलाबाई, त्यांच्या मंडळी, म्हणायच्या की या माणसाला साक्षात देव भेटला तरी हा आधी त्याचं आधार कार्ड मागेल.

हा गुण बापाकडून आलेला. आप्पासाहेब जन्मले करमाडला, पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली. पण बापानं त्याआधीची सगळी धामधूम डोळ्यांनी पाहिलेली. त्या दिवसांत रात्री बांधलेला बैल सकाळी गोठ्यात दिसेलच असा भरवसा नव्हता. म्हणून बापानं दाव्याची एक गाठ बसवली. ओढावी तेवढी आवळत जाणारी. चोर आला की तो घाईत ओढणार, आणि ओढली की गाठीचा दगड होणार. सुटायची ती ओढून नव्हे, खालच्या अंगानं एक पेड अंगठ्यानं आत ढकलून. आणि कुठला पेड ते फक्त घरच्यांना माहीत. घरात जन्म काढलेल्या सालगड्यालासुद्धा ती दाखवायची नाही, असा दंडक होता.

पुढं शेंद्र्याला कारखाने आले, बरीचशी जमीन त्यांत गेली, मग बैल गेले, गोठा गेला. गाठ तेवढी राहिली. गच्चीवरच्या टाकीवर ताडपत्री बांधायची तरी आप्पासाहेब तीच मारत. टाकीतलं पाणी कोण चोरणार, असं वच्छलाबाई विचारत, आणि आप्पासाहेब काहीतरी ठाऊक असल्यासारखे गप्प बसत.

त्यांना एकच लेक. आजीचं नाव ठेवलेली, मनकर्णा. ती पोर असताना आप्पासाहेबांनी तिला गोठ्यात बसवून गाठ शिकवली, तेव्हा भावकीतले म्हणाले होते की ही उद्या परक्याच्या घरी जाणार, हिला कशाला? आप्पासाहेबांनी ते मनावर घेतलं नाही. मात्र पोरगी शहरात इंजिनिअर झाली आणि हेमचंद्र देशपांडे नावाचा मुलगा घरी घेऊन आली, तेव्हा भावकीचं ते वाक्य त्यांना रोज आठवायला लागलं. देशपांड्यांच्या सात पिढ्या लेखणी धरणाऱ्या. ज्याच्या घराण्यात कुणी कासरा धरला नाही, त्याच्या हाती लेक द्यायची म्हणजे काय? पण पोरीपुढं बापाचं चाललं नाही. लग्न झालं. तेव्हापासून आप्पासाहेब हेमचंद्राला तोंडभरून जावईबापू म्हणत आणि त्याची पाठ फिरली की त्याच्या पाठीकडं बघत राहत.

या जावयानं आता होडी बांधायला घेतली होती. तीही करमाडच्या उरलेल्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये. समुद्र कुठं, करमाड कुठं. सारं गाव येऊन हसून गेलं. हेमचंद्र फायबरच्या टाक्या करणाऱ्या कारखान्यात होता, त्यामुळं ते काम त्याच्या हातातलं. आणि शिडं, दोर, वाऱ्याचं गणित हे सगळं मनकर्णाचं. ती सुट्ट्या काढून कोकणात जाऊन शिकून आली होती. मधे एक लांब होडी, दोन्ही अंगांना दोन सडपातळ, आणि तिघींना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. ट्रायमरान म्हणतात, असं हेमचंद्रानं समजावून सांगितलं. आप्पासाहेबांनी एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, ही तर पेरणीची तीन फणांची तिफण झाली. तेव्हापासून होडीचं नाव तिफणच पडलं.

बेत असा होता की दिवाळीनंतर होडी ट्रकवर घालून कोकणात न्यायची. त्या दिवसांत वारा उत्तरेकडून सुटतो. तो पाठीवर घ्यायचा आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं दक्षिणेला उतरत पार भर समुद्रातल्या बेटांपर्यंत जायचं, दोघांनीच. पावसाच्या आत परत.

परत, हा शब्द आप्पासाहेबांच्या गळ्याखाली उतरेना. त्यांनी पुरावे गोळा करायला सुरुवात केली. दोघांनी राहता फ्लॅट भाड्यानं देऊन टाकला होता. होडीच्या पोटात मसाल्याच्या डब्याला जागा केली होती. आणि एकदा शेडमध्ये कुणी नसताना त्यांनी आत डोकावलं, तर एका कोपऱ्यात देवाची फळी ठोकलेली. चार-सहा महिन्यांसाठी कुणी देव नेतं का? देव नेतात ते बिऱ्हाड मोडणारे. त्यात त्यांनी काही विचारलं की नवरा-बायको आधी एकमेकांकडं बघत आणि मगच उत्तर देत. हा जावई पोरीला तिकडंच कुठं नेऊन ठेवणार आणि आपण म्हातारपणी फोटो बघत बसणार, याबद्दल आप्पासाहेबांची खात्री झाली.

"मग सरळ विचारा की," वच्छलाबाई म्हणाल्या.

सरळ विचारणं हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. सरळ विचारलं की समोरचा सावध होतो. त्यांनी निराळी वाट काढली. बैल घेताना आपण दात बघतो, तशी ही होडी पाण्यात बघणार, असं त्यांनी जाहीर केलं. मनकर्णानं ते हसत मान्य केलं आणि वर शब्द दिला की आप्पा, तुम्हाला एक जरी खोट दिसली तरी मी जाणार नाही. हाच शब्द आप्पासाहेबांना हवा होता. नाथसागर धरणावर ते होडी बघायला निघालेच नव्हते मुळी, खोट शोधायला निघाले होते. आणि शोधणाऱ्याला खोट सापडतेच, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. धरण काठोकाठ भरलेलं आणि पश्चिमेचा वारा अजून जोरात. काठावर हेमचंद्रानं सासऱ्याच्या अंगावर ते फुगीर जाकीट चढवलं, पट्टे आवळले आणि एक नियम सांगितला. वारा पाठीमागून असताना पुढं एक मोठं, फुग्यासारखं शीड उभारतात. त्याचा दोर हातात धरायचा, चरखीवर वेढे देऊन धरायचा, पण कशालाही बांधायचा नाही. झोत आला की तो क्षणात सोडून देता आला पाहिजे, नाहीतर होडी उलटते. कोकणात मनकर्णाच्या डोळ्यांदेखत एक होडी तशी उलटली होती. म्हणून हा नियम तिनंच केला होता आणि नवऱ्याकडून देवाची शपथ घालून कबूल करून घेतला होता: दोर जो बांधेल त्यानं प्रवासाला यायचं नाही, काठावर राहायचं, मग तो कुणीही असो.

आप्पासाहेबांनी मान डोलावली. मनात म्हणाले, सगळं सैल ठेवा म्हणून सांगणाऱ्या माणसाचा भरवसा धरावा तरी कसा?

सकाळभर ते वाऱ्याच्या तोंडावर पश्चिमेला चालले. होडी आपटत होती, पाणी अंगावर येत होतं, टोपी उडून गेली. आप्पासाहेबांनी दांडी धरली ती सोडली नाही. इतकं होऊनही खोट म्हणावी असं काही हाती लागेना, म्हणून ते आतल्या आत चिडत होते. दुपारी होडी वळवली. आता वारा पाठीमागून आणि धरणाची भिंत लांब पूर्वेला. मनकर्णा पुढं गेली, तिनं एक दोरी ओढली आणि उशीच्या अभ्र्यासारखी एक लांबलचक कापडी बाही वर सरकत गेली. आतून निळं-केशरी शीड फडफडत बाहेर आलं आणि भप्पकन भरलं.

आणि सगळं शांत झालं. वारा नाही, आपटणं नाही, ऊन तेवढं अंगाला लागायला लागलं. मागं वळून बघितलं तर पाण्यावर तीन तासं पडत चाललेली, अगदी पेरणीसारखी.

"वारं पडलं," आप्पासाहेब म्हणाले.

हेमचंद्र सुकाणूवरून म्हणाला की पडला नाही, मामा, आपण त्याच्याबरोबर चाललोय म्हणून तो लागत नाही. आत्ता वळलो तर कळेल. आप्पासाहेबांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. आजवर खळ्यात उभं राहून वाऱ्यावर धान्य उफणलेला माणूस मी. आणि हा मला सांगतो की जो लागत नाही तो वारा आहे. खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं.

मनकर्णा चरखीपाशी दोर धरून बसली होती आणि तिचं एकच चाललं होतं. दोर थोडा सोडायचा, शिडाची कड भाजत्या पापडासारखी मुडपली की थोडा ओढायचा, पुन्हा सोडायचा. आप्पासाहेबांना ते बघवेना.

"धर की एकदाचा घट्ट. सारखं काय सोडतीस?"

"आवळलं की चालत नाय, आप्पा. घट्ट धरलं की शीड मरतंय. कड जराशी मुडपली पायजे, तवा समजायचं बरोबर हाय."

असं उलटं शास्त्र त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांच्या माहितीत सैल राहिलेली कुठलीच वस्तू सकाळी जागेवर सापडली नव्हती.

तेवढ्यात पुढं बाहीची दोरी डोलकाठीत अडकली. मनकर्णानं हेमचंद्राकडं बघितलं, हेमचंद्रानं तिच्याकडं, आणि मग ती म्हणाली, आप्पा, एवढा दोर धरा, मी आले. फक्त बांधू नका. ती पुढं गेली. दोर आप्पासाहेबांच्या हातात हिसके द्यायला लागला, दाव्याला नवीन वासरू देतं तसे.

ती नजरानजर त्यांना खटकली होती. ही आपली परीक्षा चाललीय. दोर निसटला की जावई म्हणणार, बघितलंत, आणि मग आपण काढलेल्या खोटेला काय किंमत राहणार? हेमचंद्र मागं पाण्याकडं बघत होता. आप्पासाहेबांनी दोराची मागची शेपटी गुडघ्याआड घेतली, आडव्या दांडीला वेढा दिला, आणि न बघता, हाताच्या सवयीनं गाठ मारली. बापाची गाठ. मग दोर दिसायला हातात धरून ते निवांत बसले. मनकर्णा परत आली आणि तिनं चरखीवरचा दोर घेतला. सोडावी का गाठ, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण सोडताना दिसलं असतं. आणि नाहीतरी वारं पडलेलंच होतं.

झोत आला तो मागून. पाण्यावर काळी झाक पसरत आली, हेमचंद्रानं ती बघितली आणि सोड म्हणून ओरडला. मनकर्णानं चरखीवरचे वेढे काढून दोर सोडला. दोर हातभर धावला आणि खाडकन थांबला. सगळा भार त्या गाठीवर आला. होडी कलली, उजव्या अंगाची सडपातळ होडी नाकासकट पाण्यात घुसली आणि डावीकडची पाणी गाळत वर उठली. आप्पासाहेब दांडीला लोंबकळले. नसलेला वारा त्यांच्या कानात गर्जत होता.

हेमचंद्रानं अंगाचा भार टाकून सुकाणू फिरवलं आणि होडी सरळ वाऱ्याच्या पुढं नेली. त्यानं ती सपाट झाली. पण आता तिचं तोंड नेमकं धरणाच्या भिंतीकडं होतं. दोर सुटल्याशिवाय बाजूला वळता येत नव्हतं आणि भिंतीचे काळे दगड वेगवेगळे दिसायला लागले होते. मनकर्णा गुडघ्यांवर सरपटत दांडीपाशी आली. तिनं गाठ बघितली. मग वर बापाकडं बघितलं, अगदी निमिषभर. त्या नजरेत राग असता तर आप्पासाहेबांना तो सोसला असता.

तिनं गाठ ओढली नाही. नवऱ्याला तिनं ओरडून सांगितलं की अजून थोडी वाऱ्याबरोबर फिरव, फुगा डोलकाठीवरच्या मागच्या शिडाच्या आड घे. फुगा त्या आडोशाला येऊन क्षणभर लुळा पडला, दोर ढिला झाला, आणि तेवढ्यात तिचा अंगठा खालून बरोबर त्या पेडावर गेला. तिनं तो आत ढकलला. गाठ उमलली, दोर सळसळत निघून गेला, शीड ढगासारखं गडगडायला लागलं. ती धावत पुढं गेली, बाही खाली ओढून तिनं त्याला कोंडलं. हेमचंद्रानं होडी वळवली आणि वाऱ्याचा सगळा मार तोंडावर घेत ते भिंतीपासून लांब निघाले.

होडी काठाला, बाभळींच्या आडोशाला लागली. एवढं होऊनही आप्पासाहेबांचं डोकं आपलं काम करत होतं. हेमचंद्रानं होडी खुंट्याला लावली, आला, आणि दांडीवरचा गाठीचा वळ बोटानं चाचपून बघितला.

"ही कुणी बांधली होती?"

"मी," मनकर्णा म्हणाली. "पुढं जाताना."

तो बायकोकडं बघत राहिला. एकदा सासऱ्याकडंही बघितलं असावं. आप्पासाहेब तेव्हा जाकिटाच्या पट्ट्याशी झटत होते. मग तो खालच्या आवाजात म्हणाला की नियम तुझाच आहे, मनू. शपथ तू घातली होतीस.

"व्हय. मी नाय येत दिवाळीला. तू दुसरं कुणी बघ."

आप्पासाहेबांचे हात थांबले. एवढ्यासाठीच तर ते निघाले होते. खोट शोधावी लागली नाही, वाईटपणा घ्यावा लागला नाही. लेक घरीच राहणार, पुंडलिकनगरात, डोळ्यांपुढं. त्यांनी आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, आणि गप्प बसण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता.

लगेच मनात आलं, हे दोघं मिळून नाटक तर करत नाहीत? म्हाताऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायला? त्यांनी चोरट्या नजरेनं जावयाकडं बघितलं. हेमचंद्र पाठमोरा बसून दोराचं वेटोळं घालत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. दोन्ही तळहात सोलून निघालेले. सुकाणू धरून धरून कातडं गेलेलं. मग त्यांनी लेकीकडं बघितलं. ती त्यांच्याकडं बघतच नव्हती. दोघांनी मिळून बांधलेल्या होडीकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायचंही तिनं सोडून दिलं होतं. बापाची लाज झाकायला पोरगी स्वतःचं सगळं सोडून मोकळी झाली होती, आणि बाप मात्र यात काय डाव आहे ते हुडकत बसला होता. आप्पासाहेबांना स्वतःची अशी शिसारी कधी आली नव्हती.

"जावईबापू," ते म्हणाले, "हिकडं बसा."

हेमचंद्र आला. आप्पासाहेबांनी त्याच्या हातातला दोर घेतला, दांडीला वेढा दिला आणि गाठ मारली. या वेळी सावकाश, उजेडात, त्याच्या डोळ्यांपुढं.

"बांधली मी. मनूला ठाव होतं, म्हणून तिनं अंगावर घेतलं. नियम तुमचा हाय, तवा काठावर मी ऱ्हातो. ती येईल."

मनकर्णानं आता मात्र पदर नसलेल्या खांद्याला तोंड पुसलं. तिनं विचारलं, "आप्पा, खोट दिसली का?"

"होडीत नाय."

मग आप्पासाहेबांनी जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सरळ विचारलं.

"परत येणार ना तुमी? तिथं देवाची फळी ठोकलीय, ती बघितलीय मी."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पण या खेपेला मनकर्णाला हसू आवरलं नाही. "आप्पा, तो देव आईचा हाय. तिनंच दिलाय. म्हणली, उसना देते, पावसाच्या आत माझा मला आणून द्यायचा."

आप्पासाहेबांनी ते ऐकून घेतलं. आपल्या घरात आपल्यापेक्षा पक्की गाठ मारणारं माणूस आहे, आणि तिनं ती न आवळता मारलीय, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. हेमचंद्र मान खाली घालून समोरची गाठ ओढून बघत होता. ती आवळत चालली होती.

"ओढू नका," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी जावयाचा सोललेला हात जपून धरला, अंगठा खालच्या अंगाला नेला आणि त्या पेडावर टेकवला. "हितं. आत ढकला."

हेमचंद्रानं ढकलला. गाठ सुटली. आप्पासाहेबांनी दोर त्याच्या हाती दिला आणि सवयीनं मागंपुढं कुणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतली.

"घरच्याबिगर कुणाला दाखवायची नसती," ते म्हणाले. "ध्यानात ठेवा."